अक्कलकोटची लोकसंख्या साडेदहा लाख

"अगं, अक्कलकोटला साडेदहा लाख माणसं? स्वामींच्या प्रकटदिनाला मोजलीस का?"

सरांनी माझ्या सहामाही प्रगती अहवालाचं एक पान माझ्यापुढे सरकवलं आणि चहा प्यायला लागले. मी पान बघितलं. सोलापूर जिल्ह्यातले अकरा तालुके, २०११ च्या जनगणनेची लोकसंख्या, खाली एकूण ४३,१७,७५६. बेरीज बरोबर होती. आदल्या रात्री मी ती दोनदा तपासली होती. आणि तरीही अक्कलकोटपुढे १०,५७,३५२ हा आकडा होता, जो उत्तर सोलापूरचा आहे, म्हणजे ज्यात अख्खं सोलापूर शहर येतं त्या तालुक्याचा.

काय झालं होतं ते घरी आल्यावर कळलं. जनगणनेच्या यादीत तालुके करमाळ्यापासून सुरू होतात आणि अक्कलकोटला संपतात. मी एक्सेलमध्ये फक्त लोकसंख्येचा कॉलम निवडून लहान ते मोठा असा क्रम लावला. एक्सेलने विचारलं होतं की शेजारचे कॉलमही बरोबर घेऊ का. मी घाईत "आहे तेवढंच" वर क्लिक केलं. नावं जागेवर राहिली, आकडे हलले. सगळ्यात मोठा आकडा सगळ्यात खालच्या नावापुढे गेला. मग तो तक्ता कॉपी करून वर्डमध्ये चिकटवला.

अक्कलकोटची चूक सरांना हसता हसता दिसली. पण त्याच तक्त्यात मोहोळपुढे ३,१४,५७० होते. मोहोळची खरी लोकसंख्या २,७६,९२०. तीन लाख चौदा हजार हा आकडा वाचून कुणाच्याही भुवया उंचावणार नाहीत. अक्कलकोट शेवटी नसतं, तर हा तक्ता तसाच प्रबंधात गेला असता. त्यावर मी दर हजारी प्रमाणं काढली असती, नकाशे रंगवले असते आणि व्हायव्हाला ठामपणे उत्तरंही दिली असती.

त्या दिवसापासून मी एक नियम केला: वर्डमधला एकही आकडा हाताने टाइप करायचा नाही आणि हाताने चिकटवायचाही नाही. तो एक्सेलमधून मॅक्रोनेच यायला हवा. ज्यांची पेट नुकतीच झालीय किंवा कोर्सवर्क चालू आहे, त्यांच्यासाठी हे लिहितेय. पुढची तीन-चार वर्षं तुम्हाला याच दोन प्रोग्रॅमांमध्ये ये-जा करायची आहे.

आधी एक स्पष्टीकरण

तुम्हाला फक्त शंभर जणांना प्रश्नावलीबरोबर पत्र पाठवायचं असेल, तर मॅक्रो लिहू नका. वर्डमधलं मेल मर्ज त्यासाठीच आहे आणि अर्ध्या तासात जमतं. ज्यांना आर किंवा पायथन येतं, त्यांनी तर सरळ त्यातूनच अहवाल तयार करावा. पण आपल्याकडचं वास्तव असं की मार्गदर्शक वर्डच्या फाइलवर शेरे मारतात, विभागाला वर्डची फाइल लागते, टायपिंगवाले वर्डमध्ये काम करतात आणि आपला डेटा एक्सेलमध्ये असतो. या दोघांमध्ये पूल बांधायचा तर दोन्हीकडे आधीपासून असलेली भाषा म्हणजे व्हीबीए.

ही भाषा एक्सेलमध्ये १९९३ साली, पाचव्या आवृत्तीबरोबर आली. वर्डकडे तेव्हा स्वतःची वेगळी वर्डबेसिक होती. वर्ड ९७ पासून तिथेही व्हीबीए आलं आणि दोघांची भाषा एक झाली. पण भाषा एक असणं वेगळं आणि एकाने दुसऱ्याला कामाला लावणं वेगळं. त्यासाठी विंडोजमध्ये एक यंत्रणा आहे. तिच्यामुळे वर्ड आपल्या आतल्या सगळ्या वस्तू बाहेरच्या प्रोग्रॅमला वापरायला देतो: फाइल, परिच्छेद, तक्ता, तक्त्यातलं एक घर.

या वस्तूंची उतरंड डोक्यात बसली की निम्मं काम झालं. वर्डमध्ये सगळ्यात वर ॲप्लिकेशन, त्यात डॉक्युमेंट्स, त्यातलं एक डॉक्युमेंट, त्यात तक्ते आणि रेंज. एक्सेलमध्ये वर ॲप्लिकेशन, त्यात वर्कबुक, त्यात वर्कशीट, त्यात सेल. बघा, ॲप्लिकेशन आणि रेंज हे शब्द दोन्हीकडे आहेत. एक्सेलमध्ये बसून तुम्ही नुसतं "ॲप्लिकेशन.क्विट" लिहिलंत तर वर्ड नाही, एक्सेल बंद होईल. मी हे केलेलं आहे.

एक ओळ, दोन पद्धती

वर्डला हाक मारायची ओळ ही. (इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितेय, एडिटरमध्ये अर्थातच इंग्रजीत टाइप करायची.)

सेट वर्ड = क्रिएटऑब्जेक्ट("वर्ड.ॲप्लिकेशन")

ही ओळ चालली की वर्ड सुरू होतो, पण दिसत नाही. दिसायला हवा असेल तर त्याचं "व्हिजिबल" ट्रू करावं लागतं. शिकत असताना ते करूनच ठेवा.

दुसरी पद्धत म्हणजे टूल्स मेनूतल्या रेफरन्सेसमध्ये जाऊन वर्डच्या लायब्ररीवर खूण करायची. हिचा फायदा असा की टिंब दिलं की पुढचे पर्याय आपोआप दिसतात आणि शिकायला सोपं जातं. तोटा तुमच्या लॅपटॉपवर कळत नाही, विभागातल्या संगणकावर कळतो. लायब्ररीला आवृत्तीचा क्रमांक असतो. ऑफिस २०१० ची १४, २०१३ ची १५, २०१६ पासून पुढे १६. तुम्ही १६ वर खूण करून फाइल नेली आणि तिथे २०१० असेल, तर रेफरन्सपुढे "मिसिंग" येतं आणि मॅक्रो सुरूच होत नाही. म्हणून मी लिहिताना खूण करते आणि काम झालं की ती काढून क्रिएटऑब्जेक्टवर येते.

पण खूण काढल्यावर एक वेगळाच सापळा लागतो, आणि तो जास्त वाईट आहे. वर्डचे स्थिरांक, म्हणजे "डब्ल्यूडी" ने सुरू होणारी नावं, त्या लायब्ररीतच असतात. लायब्ररी गेली की एक्सेलला ती नावं माहीत नसतात. तुमच्या कोडच्या वर "ऑप्शन एक्सप्लिसिट" लिहिलेलं असेल तर तो लगेच अडून सांगतो की हे नाव ओळखीचं नाही. लिहिलेलं नसेल तर तो त्या नावाला रिकामा चल समजतो आणि त्याची किंमत शून्य धरतो. आता गंमत बघा. "सगळीकडे बदल" या स्थिरांकाची किंमत २ आहे. शून्याचा अर्थ "काहीच बदलू नको". मॅक्रो शांतपणे चालतो, एकही चूक दाखवत नाही, अकरा फाइली तयार होतात आणि सगळ्यांत साच्यातला कच्चा मजकूर तसाच. पीडीएफचा स्थिरांक १७ आहे. तो शून्य झाला की वर्ड जुन्या डॉक पद्धतीने फाइल जतन करतो आणि तुम्ही नावात पीडीएफ लिहिलेलं असल्यामुळे ती कशातच उघडत नाही.

उपाय साधा आहे. पहिल्या ओळीत ऑप्शन एक्सप्लिसिट, आणि स्थिरांकाच्या नावाऐवजी सरळ आकडा: २, १७. शेजारी टिपणात त्याचा अर्थ.

अजून एक, कारण यावर माझी एक अख्खी दुपार गेली. मॅक्रो पहिल्यांदा नीट चालतो, दुसऱ्यांदा चालवला की ४६२ क्रमांकाची चूक येते: दूरचा सर्व्हर उपलब्ध नाही. इंटरनेटशी त्याचा काही संबंध नाही. कोडमध्ये कुठेतरी "ॲक्टिव्ह-डॉक्युमेंट" असा शब्द पुढे मालक न लावता वापरलेला असतो. लायब्ररीवर खूण असल्यामुळे एक्सेल त्यासाठी मागच्या मागे वर्डशी आपली एक जोडणी करून ठेवतो. पहिल्या फेरीत तुम्ही वर्ड बंद केला, की दुसऱ्या फेरीत तो त्याच मेलेल्या वर्डला शोधत बसतो. म्हणून वर्डच्या प्रत्येक वस्तूपुढे तिचा मालक लिहायचा, प्रत्येक वेळी.

साचा

सोलापूरच्या वाचकांना हे सांगायला फार शब्द लागू नयेत. चादरीचं जेकार्ड आठवा: नक्षी कुठे उमटणार हे कार्डातल्या भोकांनी आधीच ठरलेलं असतं, धागा फक्त येत राहतो. वर्डचा साचा म्हणजे ते कार्ड. त्यात मजकूर पक्का असतो आणि आकड्यांच्या जागा ठरलेल्या असतात.

त्या जागा करायच्या तीन पद्धती आहेत. सगळ्यात प्रचलित म्हणजे मजकुरात काहीतरी खूण टाइप करायची आणि शोधा-बदला करून ती भरायची. छोट्या आकड्यांना ठीक. पण बदलायच्या मजकुराला २५५ अक्षरांची मर्यादा आहे आणि इथे मराठीचं जास्त नुकसान होतं, कारण काना, मात्रा, वेलांटी प्रत्येक वेगळी मोजली जाते. "सोलापूर" आपल्याला चार अक्षरं वाटतात, संगणकाला सात. दोन-तीन वाक्यांचा मराठी परिच्छेद घातला की मॅक्रो अडतो. दुसरी पद्धत बुकमार्कची. ती चांगली आहे, पण बुकमार्कमधला मजकूर बदलला की बुकमार्कच पुसला जातो, पुन्हा लावावा लागतो.

मी कंटेंट कंट्रोल वापरते. वर्डमध्ये डेव्हलपर टॅबवर ते मिळतं. प्रत्येकाला एक टॅग देता येतो आणि मॅक्रोतून टॅगच्या नावाने ते शोधता येतं. तालुका, एकूण, पुरुष, स्त्रिया, साक्षर: माझ्या साच्यात असे नऊ टॅग आहेत. टॅगची नावं इंग्रजीत ठेवा. का, ते खाली.

साचा उघडताना "ओपन" नाही, "ॲड" वापरायचं. ओपनने साचाच उघडतो, त्यात करमाळ्याचे आकडे भरले जातात आणि तोच जतन झाला की पुढच्या दहा तालुक्यांना साचा उरत नाही. ॲडने साच्यावरून दर वेळी नवी कोरी फाइल तयार होते.

मराठीचं काय होतं

व्हीबीएवरच्या इंग्रजी पुस्तकांत हा भाग सापडत नाही, म्हणून जरा थांबते.

व्हीबीएचा एडिटर युनिकोड जाणत नाही. त्यात तुम्ही अवतरणात "पंढरपूर" चिकटवलंत की प्रश्नचिन्हांची रांग दिसते. चिनी, रशियन लोक विंडोजची प्रादेशिक सेटिंग बदलून सुटतात, कारण त्यांच्या लिपीला जुनं कोडपेज आहे. देवनागरीला विंडोजमध्ये तसं कोडपेज कधी नव्हतंच, ती थेट युनिकोडमधूनच आली. त्यामुळे सेटिंग मराठी करून काही होत नाही.

पण एडिटर देवनागरी दाखवू शकत नाही म्हणजे व्हीबीएला ती कळत नाही असं नाही. आत मजकूर युनिकोडमध्येच साठतो. सेलमध्ये "पंढरपूर" असेल आणि मॅक्रोने तो सेल वाचून वर्डमध्ये लिहिला, तर वर्डमध्ये पंढरपूर अगदी नीट उमटतं. मधे खात्रीसाठी मेसेज बॉक्समध्ये दाखवलंत तर तिथे प्रश्नचिन्हं दिसतील. घाबरू नका, आतलं शाबूत असतं. मी सुरुवातीला याच प्रश्नचिन्हांना घाबरून सगळी तालुक्यांची नावं इंग्रजीत केली होती.

म्हणून रीत अशी: मराठी मजकूर कोडमध्ये लिहायचाच नाही. "मजकूर" नावाची एक वेगळी शीट करायची, जी वाक्यं, शीर्षकं लागतील ती तिथे सेलमध्ये लिहायची आणि मॅक्रोने तिथून उचलायची. एखादं अक्षर कोडमध्येच हवं असेल तर "सीएचआर-डब्ल्यू" हे फंक्शन आहे. त्याला युनिकोड क्रमांक द्यायचा. २३६० दिला की स मिळतो. देवनागरी अंक हवे असतील तर शून्याचा क्रमांक २४०६, पुढचे ओळीने. म्हणजे इंग्रजी ७ ला २४०६ अधिक ७, की ७ मराठीत. माझ्या प्रबंधातले सगळे आकडे याच सहा ओळींच्या फंक्शनमधून जातात.

अक्षर मोठं करायचं तर वेगळीच गोष्ट. मॅक्रोतून फॉन्टचा आकार १४ केला, ठळक केलं, आणि मराठी ढिम्म हललं नाही, फक्त मधला एक इंग्रजी शब्द फुगला. वर्ड देवनागरीला जटिल लिपी समजतो आणि तिचा फॉन्ट, आकार, ठळकपणा वेगळ्या कप्प्यात ठेवतो. त्या गुणधर्मांच्या नावापुढे "बीआय" लागतं: साइझ नाही, साइझ-बीआय. बोल्ड नाही, बोल्ड-बीआय. दोन्ही लिहावेत.

आणि कृतीदेव किंवा तसल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली प्रकरणं हाताशी असतील, तर आधी ती युनिकोडमध्ये बदलून घ्या. तिथे जे मराठी दिसतं ते मुळात इंग्रजी अक्षरांना चढवलेला मराठी मुखवटा असतो. मॅक्रोला तिथे "मोहोळ" कधीच सापडणार नाही.

आकडा जसा दिसतो आणि जसा असतो

सेलमधून आकडा दोन प्रकारे वाचता येतो. व्हॅल्यू म्हणजे खरी किंमत: ३१४५७०. टेक्स्ट म्हणजे पडद्यावर दिसते ती: ३,१४,५७०. आपल्याला लाखाचे स्वल्पविराम हवे असतात, म्हणून टेक्स्ट घ्यायचा मोह होतो. मीही घेतला. मग उत्तर सोलापूरच्या पानावर लोकसंख्येच्या जागी आठ हॅश छापून आले. कॉलम अरुंद असला की एक्सेल हॅश दाखवतो आणि टेक्स्ट म्हणजे जे दिसतं ते, मग हॅश तर हॅश. तेव्हापासून व्हॅल्यू वाचते आणि स्वल्पविराम माझ्या फंक्शनने घालते.

जनगणनेचा तालुक्याचा क्रमांकही असाच फसवतो. २०११ मध्ये महाराष्ट्राचा क्रमांक २७, सोलापूर जिल्ह्याचा ५२६ आणि तालुक्याचा पाच अंकी, ज्याची सुरुवात शून्याने होते. साध्या सेलमध्ये टाकला की एक्सेल तो शून्य खाऊन टाकतो आणि दुसऱ्या फाइलमधल्या क्रमांकाशी जुळत नाही. तो कॉलम आधी टेक्स्ट करा, मग क्रमांक भरा.

तुम्ही म्हणाल, क्रमांकाची भानगड कशाला, नावावरून जुळवू. जुळवून बघा. जनगणनेत सांगोले आणि मंगळवेढे, आपल्या बोलण्यात सांगोला आणि मंगळवेढा. एका फाइलमध्ये दक्षिण सोलापूर, दुसरीत सोलापूर दक्षिण. आणि डोळ्याला तंतोतंत सारख्या दिसणाऱ्या दोन नावांत एकात मधे न दिसणारा जोडचिन्हाचा वर्ण बसलेला. नाव माणसांसाठी, क्रमांक मॅक्रोसाठी.

मॅक्रोही चुकतो, एकसारखा चुकतो

इथपर्यंत जमलं की एक बटण दाबल्यावर अकरा तालुक्यांची अकरा पानं दोन मिनिटांत तयार होतात आणि फार भारी वाटतं. मला वाटलं होतं. पण जरा विचार करा. माझा तो सरकलेला कॉलम या मॅक्रोला दिला असता, तर त्याने अक्कलकोटला साडेदहा लाखच लिहिले असते, आणि जास्त सुबक लिहिले असते. हाताने केलेल्या कामात निदान कंटाळा येतो, कंटाळ्यात कधी डोळा अडखळतो. मॅक्रोला कंटाळा नाही.

इथे थॉमस हर्नडन आठवतो. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲम्हर्स्ट शाखेत तो अर्थशास्त्रात पीएचडी करत होता. एखाद्या गाजलेल्या पेपरचे निष्कर्ष पुन्हा काढून दाखवा, असं त्यांना गृहपाठ म्हणून होतं. त्याने राइनहार्ट आणि रोगॉफ यांचा २०१० चा पेपर घेतला, ज्यात देशाचं कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेलं की वाढ खुंटते असं म्हटलं होतं. सरकारी खर्चकपातीच्या बाजूने तेव्हा या पेपरचा खूप हवाला दिला जायचा. हर्नडनला आकडे जुळेनात. त्याने लेखकांकडे मूळ एक्सेल फाइल मागितली, त्यांनी ती दिली. सरासरीच्या सूत्रात ओळ ३० ते ४९ हव्या होत्या, तिथे ३० ते ४४ होत्या. पाच देश गणतीबाहेर राहिले होते. फरक फक्त त्याचा नव्हता. काही वर्षं वगळणं आणि भार देण्याची पद्धत यांचा वाटा अधिक होता. सगळं धरून ९० टक्क्यांवरच्या गटाची सरासरी वाढ उणे ०.१ ऐवजी २.२ टक्के निघाली. २०१३ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

मला यात सूत्राच्या चुकीपेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते: चूक सापडू शकली. फाइल होती, सूत्र होतं, ओळींचे क्रमांक होते. माझ्या त्या अहवालात काय होतं? वर्डमध्ये चिकटवलेला तक्ता. तो कुठून आला, कधी आला, मधे काय झालं, याचा काहीच माग नव्हता. सरांनी विचारल्यावर मला स्वतःला शोधायला एक संध्याकाळ लागली.

म्हणून माझ्या मॅक्रोत आता लिहिण्याच्या आधी तपासणी आहे. ओळी अकराच आहेत का. प्रत्येक क्रमांक मूळ शीटमध्ये आणि माझ्या शीटमध्ये एकच आहे का. जिल्ह्याची बेरीज ४३,१७,७५६ येते का. आणि सगळ्यात कामाची तपासणी ही: प्रत्येक ओळीत पुरुष अधिक स्त्रिया बरोबर एकूण येते का. जिल्ह्यासाठी ते २२,२७,८५२ अधिक २०,८९,९०४. तळाची बेरीज सरकलेला कॉलम पकडत नाही, कारण आकडे तेच असतात, फक्त घरं बदललेली असतात. मी त्या रात्री दोनदा बेरीज केली होती ती म्हणूनच व्यर्थ होती. ओळीतली आडवी बेरीज करमाळ्यालाच अडली असती.

यातलं काही चुकलं तर मॅक्रो वर्ड सुरूच करत नाही. सगळं लिहून झाल्यावर तो जतन केलेली फाइल पुन्हा उघडतो, टॅगमधला आकडा वाचतो आणि सेलशी ताडून बघतो. आणि प्रत्येक पानाच्या तळाला बारीक अक्षरात एक्सेल फाइलचं नाव आणि मॅक्रो चालवल्याची तारीख, वेळ. अंतिम प्रतीत ती ओळ काढता येते. पण सरांच्या हातात कागद असताना "हा आकडा कुठला?" याचं उत्तर त्याच कागदावर असतं.

मागे राहणारे वर्ड

मॅक्रो मधेच चूक येऊन थांबला की न दिसणारा वर्ड मागे चालूच राहतो. पाच वेळा प्रयोग केलात तर पाच वर्ड. लॅपटॉप रडायला लागतो, आणि फाइल उघडायला गेलात की ती दुसऱ्या कुणीतरी उघडली आहे असं सांगितलं जातं. तो दुसरा कुणीतरी म्हणजे तुम्हीच. टास्क मॅनेजरमध्ये जाऊन ते वर्ड बंद करा, पण त्याआधी तुमचं खरं प्रकरण उघडं असेल तर ते जतन करा, कारण यादीत कोणता कुठला ते लगेच कळत नाही. कोडमध्ये कायमची सोय अशी की चूक आली तर थेट शेवटच्या भागात जायचं, आणि त्या भागात फाइल बंद, वर्ड क्विट. कुणी सांगेल की आधीच उघडा असलेला वर्ड "गेटऑब्जेक्ट" ने पकडा, वेळ वाचतो. वाचतो खरा. पण मग शेवटचं क्विट तुमच्या उघड्या प्रकरणालाही लागू होतं. आपण जो उघडला तोच आपण बंद करायचा.

फाइल जतन करताना एक्सएलएसएम हाच प्रकार निवडा. नेहमीच्या एक्सएलएसएक्समध्ये मॅक्रो राहत नाही. एक्सेल तसं विचारतो, आपण वाचत नाही.

आणि हो, ही फाइल मैत्रिणीला मेल केलीत तर तिच्याकडे मॅक्रो बंद दिसेल. २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो मुळातच अडवायला सुरुवात केली. त्याचा राग येतो, पण कारण जुनं आहे. मार्च १९९९ मध्ये मेलिसा नावाचा व्हायरस पसरला. तो वर्डच्या फाइलमधला एक मॅक्रो होता. आपण एक्सेलमधून वर्डला जशी हाक मारतो, तशीच त्याने वर्डमधून आउटलुकला मारली आणि पत्त्यांच्या यादीतल्या पहिल्या ५० जणांना स्वतःलाच पाठवून दिलं. दाराला कुलूप लागलंय ते आपण करतोय त्याच गोष्टीमुळे. त्यामुळे "सगळे मॅक्रो चालू" ही सेटिंग कधीच करू नका. फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन फक्त त्या एका फाइलला परवानगी द्या, आणि तीही कुणी पाठवली ते फोन करून विचारल्यावर.

किती वेळ लागला

खरं सांगते, पहिल्यांदा दोन दिवस गेले. तेच काम हाताने एका संध्याकाळी झालं असतं. त्या दोन दिवसांत मला तीनदा वाटलं की आपण काम टाळायला हे करतोय. मग सर म्हणाले, साक्षरता स्त्री-पुरुष वेगळी दाखव. साच्यात दोन टॅग वाढवले, शीटमध्ये दोन कॉलम, बटण दाबलं. पुढच्या महिन्यात ते म्हणाले, आकडे मराठी अंकांत हवेत. पुन्हा बटण. तिसऱ्या वेळी दोन दिवस वसूल झाले. तुमच्या कामात एखादा तक्ता एकदाच यायचा असेल तर हाताने करा, फक्त आडवी बेरीज विसरू नका.

परवा सुधारलेली पानं घेऊन गेले. सरांनी अक्कलकोटचं पान आधी काढलं. ३,१४,५७०. मग तळाची बारीक ओळ वाचली, फाइलचं नाव, तारीख, रात्रीचे ११ वाजून ४० मिनिटं. म्हणाले, "एवढ्या रात्री जागू नकोस. आणि हा मॅक्रो मलाही दे."

मी एक्सएलएसएम फाइल मेल केली. दहा मिनिटांत त्यांचा फोन: मॅक्रो बंद दाखवतोय.